पंचाचा डावा डोळा

माझ्या नवऱ्याचे डोळे चालले आहेत, हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. मला, म्हणजे जिला स्वतःला काही दिसत नाही तिला. बाकीच्यांचे डोळे शाबूत होते, पण ते मोबाइलमध्ये होते.

नवऱ्याचं नाव हैबतराव. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घ्यायचंच झालं तर उखाण्यात. चाळीस वर्षं मी 'हे' आणि 'आमच्या घरातले' करत काढली. आता सरळ नाव घेणार आहे. यमक जुळवत बसायला मला वेळ नाही.

हैबतराव म्हणजे चांदे-नांद्याकडचा जुना पैलवान. कुस्ती सोडून तीस वर्षं झाली, पण खुराक काही सुटला नाही. सकाळी तांब्याभर दूध, त्यात वाटलेले बदाम आणि खारीक, वर तुपाची धार. व्यायाम म्हणाल तर तालमीत खुर्ची टाकून पोरांना शिव्या देणं, घाम आला तर तेवढ्यानेच. तीन वर्षांपूर्वी पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर साखर निघाली. तेव्हा म्हणाले, "साखर बायकांना व्हती. पैलवानाच्या अंगात ती जिरून जाती." गोळी आठवली तर घ्यायचे, नाही तर नाही. गाव त्यांना वस्ताद म्हणतं, आणि चैत्रातल्या जत्रेत आखाड्याचे पंच तेच असतात. हैबतरावांनी ज्याचा हात वर केला तो जिंकला, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी ओसरीवर लसूण सोलत होते. हैबतरावांनी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि मला त्या पाण्याचा आवाज वेगळाच लागला. पेला भरत आला की पाणी बोटावर आपटायचं. पेल्यात बोट बुडवून माप घेतात, तसं. ही युक्ती डोळसाला लागत नाही. ती मी स्वतः सात महिने पाणी सांडून सांडून शिकले होते. माझ्या हातातला लसूण तसाच राहिला.

मग मी कान लावून बसायला लागले. उंबऱ्याशी आल्यावर त्यांचा पाय घुटमळायचा. फोन वाजला की पूर्वी नाव वाचून "बोल रे" म्हणायचे, आता आधी "कोन?" विचारायचे. एकदा भाडेकरू पोराच्या चपला घालून तालमीत जाऊन आले. ताटात वाटी शोधताना बोटं ताटाच्या कडेने फिरायची, त्याची एक बारीक किरकिर होते. मी त्या सगळ्या आवाजांतून गेलेली आहे. कोणता आवाज कितव्या महिन्यात येतो तेही मला सांगता येईल.

पंधरा दिवसांत माझी खात्री झाली. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? झोपेतसुद्धा हसू येईल असा आनंद झाला.

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे. तर आधी माझं ऐका.

सात वर्षांपूर्वी शाळेत डोळे तपासणीचं शिबिर आलं होतं. मला साखर होती, गोळी चालू होती. ते घरात माहीत होतं, बाहेर नाही. नजर अंधुक व्हायला लागली म्हणून मोतीबिंदू असेल असं धरून मी गेले. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, बाकावर बसवलं, दिवा मारून पाहिलं. मग डॉक्टर हैबतरावांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलले आणि त्यांच्या हातात एक कागद दिला. घरी येताना मी विचारलं, "काय म्हनला डॉक्टर?"

"काय न्हाई. डोळं कोरडं पडल्यात. थेंब टाकायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थेंबांची बाटली आणून दिली. गुलाबपाण्याचे थेंब. थंड वाटायचे. चौदा महिने मी ते घातले, रोज दोन वेळा, नेमाने. मधल्या काळात शेखरचं, आमच्या मुलाचं, लग्न झालं. सून भूगावची, गौतमी नाव, हिंजवडीला नोकरीला. लग्नात मी तिच्या तोंडावर हात फिरवून हसले, कारण तिचं नाक कसं आहे तेही मला नीट दिसत नव्हतं. आणि एका सकाळी अंगणात मिरच्या वाळत घालताना डोळ्यांपुढे काळी शाई सांडल्यासारखं झालं. दुखलं काहीच नाही. हा आजार दुखत नाही, म्हणून तर माणूस फसतो.

शेखर मला बावधनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तोवर साखरेने पडद्यावरच्या नसा फुटून, रक्त साचून, पडदाच ओढला गेला होता. ऑपरेशन झालं. डावा गेला तो गेलाच. उजव्याने उजेड कळतो आणि समोर हात हलवला तर सावली कळते. तिथल्या डॉक्टर उत्कर्षा मॅडमनी विचारलं, "आधी कधी कुणी पडदा तपासला नव्हता का?" मी म्हटलं, तपासला होता, थेंब दिले होते.  पुढची दोन वर्षं मी त्या शिबिराच्या डॉक्टरला रोज शिव्या घातल्या. बिचाऱ्याला उचक्या लागून लागून जीव नको झाला असेल.

मग घराला रंग द्यायचा निघाला. गौतमीने भिंतीवरचे फोटो उतरवले. त्यात हैबतरावांचा खांद्यावर गदा घेतलेला मोठा फोटो होता. त्याच्या मागच्या पुठ्ठ्यात एक कागद निघाला. गौतमी वाचता वाचता थांबली.

"वाच की गं, काय हाय?" मी म्हटलं.

तिने वाचलं. माझं नाव. मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव. एक महिन्याच्या आत लेसर करून घेणे. तातडीचे. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या, तेही तिने सांगितलं. मग तारीख वाचली आणि तिचा आवाज बसला. "आई, त्यानंतर दहा दिवसांनी आमचा साखरपुडा होता."

सगळा उलगडा झाला. पैलवानाच्या घरात रोग आहे आणि सासूला आंधळेपण येणार आहे, हे कळलं असतं तर भूगावकरांनी स्थळ सोडलं असतं, असा हिशेब. बरं, लग्न झाल्यावर तरी काढायचा होता कागद. पण मग आधी का नाही सांगितलंस, हा प्रश्न आला असता, आणि हैबतराव चुकले असं कुणी म्हणायची पद्धत आमच्या घरात नाही. म्हणून तो कागद गदेच्या मागे राहिला आणि माझे डोळे अंधारात गेले.

गौतमीला मी शपथ घातली, बोलायचं नाही. शेखरलाही नाही. भांडले असते तर दोन दिवस आरडाओरडा झाला असता आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याच हातची भाकरी. भांडणात राग खर्च होतो. मला तो ठेवायचा होता. कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं, चार वर्षांनी कळलं.

तर आता हैबतरावांचे डोळे चालले होते, आणि ते लपवत होते. पंचाला दिसत नाही म्हटल्यावर पंच राहतो कुठला? मी ठरवलं, त्यांना लपवायला मदत करायची. मनापासून करायची. दारात कुणी आलं की पावलावरून ओळखून मीच आधी बोलायचे, "या बापूसाहेब, बसा." मग हैबतराव लगेच, "या, या, लई दिसानं," म्हणत हात पुढे करायचे. ताट वाढलं की मी म्हणायचे, "आमटी डाव्या हाताला हाय, गरम हाय, जपून." आंधळी बाई डोळस नवऱ्याला वाट दाखवत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. हैबतरावांना मात्र होता. ते मला कधी नव्हे ते नावाने, "गोजरा" म्हणून हाक मारायला लागले. तालमीत जाताना "येतो गं" म्हणून सांगून जायला लागले.

पौषात माझी नेहमीची तपासणी होती. गौतमी गाडी लावत होती, तोवर उत्कर्षा मॅडमनी विचारलं, "घरात अजून कुणाला मधुमेह आहे का, आजी? असेल तर त्यांना एकदा घेऊन या. त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा बघायलाच हवा. लवकर आलं तर डोळे वाचतात."

"न्हाई वो," मी म्हटलं, "कुनाला न्हाई."

जीभ जरा अडखळली, पण खोटं सरळ निघालं.

त्यानंतर आठवड्याभराने, दुपारी ओसरीवर कुणी नसताना हैबतराव माझ्याजवळ येऊन बसले.  मग म्हणाले, "गोजरा, तुला सुरवातीला कसं व्हायचं गं?"

"का वो?"

"काय न्हाई. सहज."

"काळं धागं दिसायचं. वाऱ्यावर उडाल्यागत. पुसलं तरी जायचं न्हाई."

ते जवळ सरकले.  मग विचारलं, "आन थेंबानं कमी यायचं का?"

हा माणूस. स्वतः मला खोटं औषध आणून देणारा. आता तेच खरं असावं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होता, जेवढं दिसत होतं तेवढ्याने. भीती माणसाला इतकं खुळं करते हे मला माहीत नव्हतं. मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "लई गुन आला हुता वो. मीच मधी कटाळा केला, म्हनून गेलं डोळं. न्हाईतर थेंबानंच ऱ्हायलं असतं."

शेखरला सांगून मी मेडिकलमधून बाटली मागवली, माझ्यासाठी म्हणून. आणि रोज दुपारी, घर मोकळं असलं की, हैबतराव माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवे व्हायचे. मी अंगठ्याने पापणी वर करायचे आणि थेंब सोडायचे. आधी उजव्यात, मग डाव्यात. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी इतक्या वेळा माझ्या मांडीवर डोकं टेकवलं नव्हतं. केस पातळ झाले होते. पैलवानाचे मोडलेले कान अजून तसेच कडक होते.

एकदा थेंब घातल्यावर ते डोळे मिटून म्हणाले, "बरं वाटतंय गं. तू हायस म्हनून." माझा हात त्यांच्या कपाळावर होता. तो तिथेच थांबला. सांगून टाकावं असं आतून आलं. गाडी काढायला सांगावी, बावधन अर्ध्या तासावर. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "जत्रंपातुर सुदरंल ना? आखाड्यात हुबं ऱ्हायचंय मला." डोळ्याची काळजी नव्हती. आखाड्याची होती. मी बाटलीला झाकण लावलं आणि म्हटलं, "सुदरंल की."

सासऱ्यांना अण्णा म्हणणाऱ्या गौतमीला संशय आला होता. फाल्गुनात ती मला म्हणाली, "आई, अण्णांनी परवा मला 'शेखर' म्हणून हाक मारली. त्यांना दिसतंय ना नीट?"

"म्हातारपन हाय गं," मी म्हटलं. "तू तुजं हापीस बघ."

जत्रा आली. आमच्यात बायका आखाड्याला जात नाहीत, पण कर्णा आमच्या दारातल्या विजेच्या खांबावरच बांधलेला असतो. मी ओसरीवर बसून सगळी जत्रा ऐकली. हलगी वाजत होती. निवेदक एकेका पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद सांगत होता. लहान कुस्त्या झाल्या. हैबतराव गर्दीच्या आवाजावर निकाल देत होते, मला कळत होतं. आधी आरोळी उठायची, मग निवेदक पंचांचं नाव घ्यायचा. डोळस पंचाचा हात आरोळीच्या आधी वर जातो.

शेवटची मोठी कुस्ती लागली. एका बाजूला गावातल्या बड्या बापूसाहेबांचा पुतण्या जयसिंग. दुसऱ्या बाजूला म्हसू धनगराचा वाल्मीक. म्हसूचा मेंढ्यांचा वाडा आमच्या माळालाच असतो. त्याची बायको तुकाबाई आठवड्यातून एकदा मला दूध द्यायला येते आणि तासभर गप्पा मारते. वाल्मीकने या कुस्तीसाठी वर्षभर तालमीत घाम गाळला होता, तेही तिनेच सांगितलं होतं.

वीस मिनिटं कुस्ती चालली. निवेदकाचा घसा बसायला आला. मग त्याने ओरडून सांगितलं की वाल्मीकने पाय धरून पट काढला, दोघे खाली गेले, उलथले, पुन्हा उलथले. गर्दीतून एकाच वेळी दोन्ही नावांचा कल्ला उठला. आणि कर्णा एकदम गप्प झाला.

मग निवेदक हळू आवाजात म्हणाला, "पंचांनी... जयसिंगचा हात वर केलाय. पंच, ओ वस्ताद, खालचा कोन, वरचा कोन? वस्ताद, खांदं बघा की."

खाली चीत पडलेल्या पोराला हाताला धरून उठवून हैबतरावांनी विजयी केलं होतं. दोन्ही खांद्यांना माती लागलेल्याला. हलगी थांबली. शिट्ट्या, शिव्या, सगळं कर्ण्यातून माझ्या ओसरीवर आलं. बापूसाहेबांनी पंच फोडला, असं कुणीतरी माइकमध्येच ओरडलं. चाळीस वर्षांची पत दोन श्वासांत गेली.

इतके दिवस मी याच दिवसाची वाट पाहत होते. आणि तरी पहिल्यांदा माझ्या तोंडून जे निघालं ते वाल्मीकचं नाव होतं. त्या पोराने माझं काय केलं होतं? त्याचं मला लागलं. आजही लागतं. बाकी कशाचंही लागत नाही.

दिवस मावळायच्या आत हैबतराव घरी आले. शेखर हाताला धरून घेऊन आला. पाठोपाठ तुकाबाई आली. ती ओरडली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "वस्ताद, माज्या पोराची कुस्ती का इकली? आमी मेंडरं वळणारी मान्सं म्हनून?"

 गाव हैबतरावांना विकला गेलेला म्हणत होतं आणि ते म्हणू देत होते. लाचखाऊ चालेल, आंधळा नको.

"माज्याकडं बगून सांगा," तुकाबाई म्हणाली.

"मी बगितलं तसा निकाल दिला, बाय," हैबतराव म्हणाले. पण त्यांचा आवाज तुकाबाईच्या दिशेने गेला नाही. ती तुळशीपाशी उभी होती, ते गोठ्याकडे तोंड करून बोलले. मी कानांनी ओळखलं. तुकाबाईने डोळ्यांनी ओळखलं. ती पायरी चढून आली. तिच्या हातातली कडी वाजली, एकदा, दोनदा, तीनदा. ती त्यांच्या तोंडापुढे हात हलवत होती.

"आगं आई," ती म्हणाली. "ह्यान्ला दिसत न्हाई."

 मग गौतमीचा आवाज आला, "अण्णा, किती बोटं आहेत सांगा." हैबतराव भिंत चाचपत आत गेले. जाताना तुकाबाई माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "गोजराबाय, तुला तर ऐकू येतंय की सगळं." एवढंच म्हणाली. दूध आता दुसरीकडे देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमीने रजा टाकली आणि आम्हा दोघांना गाडीत घालून बावधनला नेलं. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, खरे. तासभर बसवलं. मग उत्कर्षा मॅडमनी खूप वेळ तपासलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते.

"डाव्या डोळ्याचा पडदा पूर्ण सुटलाय," त्या म्हणाल्या. "त्यात आता नजर येईल असं मला वाटत नाही. उजव्यात रक्त उतरतंय, पण मधला भाग वाचलाय. आज इंजेक्शन देते. मग लेसर. दर महिन्याला यावं लागेल. आज नाही केलं तर हाही जाईल."

"पाच म्हैन्यांमागं आलं असतं तर?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. ते हैबतरावांनी ऐकावं म्हणून विचारलं.

"बहुतेक दोन्ही वाचले असते."

"विंजेक्षन कुटं?" हैबतराव म्हणाले.

"डोळ्यातच. बधिर करून. दुखत नाही फार."

खुर्ची करकरली. ज्याने शंभरेक पैलवान पाठीवर पाडले, तो माणूस खुर्ची मागे सरकवत होता. "न्हाई," ते म्हणाले. "घरी चला." आणि मग, माझ्याकडे वळून, लहान आवाजात, "गोजरा, तू सांग. जाऊ का?"

पाच महिने मी त्यांना सांगत आले होते, डावीकडे आमटी, समोर बापूसाहेब, जपून. आता त्यांना माझ्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर ते उठून घरी आले असते. मॅडमनी, गौतमीने डोकं आपटलं असतं तरी आले असते. उजवा डोळा माझ्या मुठीत होता.

"जावा," मी म्हटलं. "पर आदी डॉक्टरीनबाईंना सांगा, माजा कागद कुटं हुता."

"कसला कागद?"

"फोटूच्या मागचा. चार वर्सं झाली, गौतमीनं मला वाचून दावलाय."

  हैबतराव उठले. दाराकडे जायला निघाले आणि स्टुलावर आपटले. ते पडलं. मग भिंतीवर त्यांचा हात फिरत राहिला.

"मी उठल्याबिगर तुमाला दार घावायचं न्हाई," मी म्हटलं. "आन तुमी सांगितल्याबिगर मी उटायची न्हाई."

 बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. मग भिंतीकडे तोंड करूनच ते काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं. पंच हाय न्हवं तुमी?"

"मीच दडवला," हैबतराव म्हणाले. या वेळी आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "शिबिराच्या डॉक्टरनं म्हैन्यात लेसर करा म्हनून दिला हुता. पोराचं लगीन मोडंल म्हनून दडवला. लगीन झाल्यावर बी काडला न्हाई. काडला असता तर सांगावं लागलं असतं."

सात वर्षांत मला पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

गौतमी तेव्हाच बोलली, रडत रडत. "अण्णा, माझ्या वडिलांना पंधरा वर्षं शुगर आहे. आम्हीसुद्धा तुमच्यापासून लपवली होती. तुम्ही स्थळ मोडाल म्हणून."

 दोन घरांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली आणि डोळे फक्त माझे गेले. मी उठले, भिंतीपाशी जाऊन त्यांचा हात धरला आणि इंजेक्शनच्या खोलीपर्यंत नेऊन सोडलं. आत ते ओरडले नाहीत. तेवढा पैलवान त्यांच्यात उरला होता.

परत येताना गौतमी गाडी चालवत होती. हैबतराव पुढे, उजव्या डोळ्यावर पट्टी. मी मागे. सूस गाव मागे पडलं. मग पुढून आवाज आला.

"वाल्मीकची कुस्ती हुती ती."

"त्ये गावात सांगा," मी म्हटलं. "मला कशाला सांगताय?"

 मग त्यांनी विचारलं, "तुला कवापास्नं ठावं हुतं, ह्यो तुजाच आजार हाय म्हनून?"

"दिवाळीपास्नं."

गाडीचा वेग कमी झाला. "आई?" गौतमी म्हणाली. मी तिला उत्तर दिलं नाही, प्रश्न तिचा नव्हता.

"आन थेंब?" हैबतराव म्हणाले.

"गुलाबपानी. तुमी मला चौदा म्हैनं दिलं. मी तुमाला तीनच दिलं."

गौतमीने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. तिचं रडू मला ऐकू येत होतं. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. हैबतराव वळले असावेत, कारण त्यांचा आवाज आता सरळ माझ्या तोंडावर आला.

"डावा गेला माजा, गोजरा."

"व्हय," मी म्हटलं. "माजं दोन्ही गेलं. मी येकच घेतला."